पावतीवरचा अंगठा

१

"बाई, तुमच्या ज्ञानूला तिची पोरगी मिळाली म्हणं. तीन आठवडे झाले. मग ती इथं तोंड पाडून का बसलीय?"

भागवतनं एक कागद माझ्या टेबलावर टाकला आणि माझं डोकंच फिरलं. "सकाळी सकाळी थट्टा सुचतीय का रे तुला?"

"थट्टा न्हाई. पावती हाय. बघा."

मी रंगुबाई. नवरा कोर्टात बेलीफ होता. तो गेला, त्याच्या जागी मला घेतलं आणि एकवीस वर्षं समन्स बजावत, जप्त्या करत, शिव्या खात आणि देत मी हा तालुका तुडवला. रिटायर झाले तरी घरी करमेना. म्हणून कोर्टाच्या दारात लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिते. भागवत इथल्याच एका वकिलांचा कारकून. बाकड्यावर बसली होती ती ज्ञानेश्वरी, त्याच वकिलांची पक्षकार. नुकतीच रेशनच्या दुकानातून धापा टाकत आली होती. मशिनला हिचा अंगठा लागत नाही, म्हणून भावजयीची वाट बघत तासभर तिथं अडकली होती.

ज्ञानू पुणतांब्याजवळच्या वस्तीवरची. बाप लवकर गेला. भावानं एकोणिसाव्या वर्षी तिला उसतोडीच्या घरात देऊन मोकळं करून घेतलं. नऊ सीझन तिनं ऊस तोडला, नवऱ्याचा मार खाल्ला, शेवटी लेकीला काखेत मारून माहेरी आली. कोर्टानं घटस्फोट दिला, आठ वर्षांच्या दिशाचा ताबा आईकडं दिला. निकालाच्या चौथ्या दिवशी नवरा, अजिनाथ, शाळेच्या फाटकातून पोरीला उचलून घेऊन गेला. कुठं? टोळीबरोबर कर्नाटकात, बेळगावच्या पुढं, उसाच्या फडात.

निकाल आमच्या कोर्टाचा आणि पोरगी दुसऱ्या राज्यात. राज्याची हद्द ओलांडली की आपला निकाल तिथं पाहुणा होतो. आधी तो तिकडच्या कोर्टाकडं वर्ग करायचा, भाषांतर जोडायचं, तिकडचा वकील लावायचा, त्याला वकीलपत्र पोस्टानं पाठवायचं. मग तिथं दरखास्त, म्हणजे निकाल बजावून द्या असा अर्ज, चालणार, मग तिथला बेलीफ निघणार. या सगळ्यात तीन महिने गेले. तिकडच्या वकिलाकडून तारखेचं पत्र येईल म्हणून ज्ञानू रोज पोस्टमनची वाट बघायची. पत्र काही आलं नाही.

आली ती ही पावती. वर कानडी, खाली इंग्रजी. भागवतनं अर्थ सांगितला: 'मी ज्ञानेश्वरी, माझी मुलगी मला मिळाली, माझी काही तक्रार नाही, दरखास्त निकाली काढावी.' तारीख तीन फेब्रुवारी. खाली अंगठा, सोबत आधारची झेरॉक्स. झेरॉक्समधला फोटो काळा ठिक्कर, त्यात कुणीही बाई खपली असती.

"तिकडचा वकील म्हनतो, बाई सवता येऊन अंगठा देऊन गेली," भागवत म्हणाला. "दरखास्त बंद."

ज्ञानूनं कागद हातात घेतला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, धा दिवसांत तिथल्या कारखान्याचा पट्टा पडनार हाय. सीझन संपला की टोळी पांगती. मंग अजिनाथ माज्या पोरीला कुठं घेऊन जाईल, देवालाबी सापडायची न्हाई."

२

तिकडच्या वकिलानं भागवतच्या मोबाईलवर मूळ पावतीचा फोटोही पाठवला होता, तो मी मोठा करून बघितला. निळ्या शाईचा अंगठा. एकेक रेष वेगळी दिसत होती.

"ज्ञानू, हात दाखव."

तिनं दोन्ही अंगठे पुढं केले. घासून घासून गुळगुळीत झालेले, कडेला कोयत्याचे वण. शाईच्या पॅडवर अंगठा दाबून मी कागदावर उठवला. नुसता निळा डाग. दुसरा उठवला, तोही डाग.

"नऊ सीझन उसाची पाती सोलली की काय राहनार त्याच्यावर," ती म्हणाली.

म्हणजे पावतीवरचा अंगठा हिचा नाही, आणि उसाच्या फडातल्या कुठल्या बाईचाही नाही. माझा पहिला संशय अजिनाथच्या आईवर, दगडाबाईवर होता. पण ती म्हातारी तीस वर्षं ऊस तोडतेय. तिचा अंगठा तर पाटा झाला असेल. पावती देणारी बाई उसाबाहेरची होती, मऊ हाताची.

"चला, आत्ता वकीलसायबांना सांगू, अंगठा खोटा हाय म्हनून," ज्ञानू उठली.

"बस खाली. तिकडचं कोर्ट विचारणार, खोटा तर मग खरा कोणाचा? नुसत्या डागावर पावती फिरायची नाही. त्या बाईला धरून उभी करावी लागेल. दहा दिवसांत."

हे बोलताना माझी नजर भागवतवर गेली. ज्ञानूचे सगळे कागद ह्याच्याच कपाटात होते.

३

"माज्यावर संशय?" भागवत असा उसळला की शेजारचा स्टँपवाला मान वळवून बघायला लागला. "बाई, बारा वर्षं तुमच्या शेजारी बसतोय मी!"

"बारा वर्षं बसतोयस म्हणूनच विचारतेय. हे आधार नवीन आहे. घटस्फोटानंतर तिनं नवऱ्याचं नाव काढून बापाचं लावलं, ते डिसेंबरात झालं. त्याची झेरॉक्स कोणाकोणाकडं आहे?"

"एक मला दिली. असल तिच्या घरी. बास."

"मग बोल."

भागवत तडक उठला. मग कपाटातून वकीलपत्राची प्रत काढून माझ्यासमोर आपटली. "हे बघा. तिकडच्या वकिलाला पाठवलं ते हेच. खाली काय हाय?"

खाली सही होती. वाकडीतिकडी, अक्षर अक्षर सुटं, पण पूर्ण नाव. ती सही तिला मीच शिकवली होती, ह्याच टेबलावर. घटस्फोटाच्या तारखांना दिवस दिवस बसावं लागायचं, तेव्हा. पोरगी पाटीवर गिरवायची आणि आईही गिरवायची.

"मला लबाडी करायची असती," भागवत म्हणाला, "तर सही गिरवनारी बाई नेली असती. अंगठा कशाला दिला असता? तिला सही येती हे मला ठावं हाय. सही म्याच घेतली."

माझी चूक झाली होती. मी तसं म्हटलं आणि चहा मागवला. चहा पिता पिता मात्र संताप परत वर आला. एकाच फायलीत वकीलपत्रावर सही आणि पावतीवर अंगठा! दोन कागद शेजारी धरून कोणी बघितले नाहीत. तिकडच्या वकिलानं आपली पक्षकार जन्मात बघितली नव्हती. पोस्टानं आलेल्या नावाचा तो वकील. पदर पुढं ओढून कोणीतरी बाई उभी राहिली आणि त्यानं ओळखलं! काय ओळखलं, कपाळ?

पण एक गोष्ट पक्की झाली. हे करणाऱ्याकडं नवीन आधार होतं, आणि ज्ञानूला सही येते हे त्याला माहीत नव्हतं.

४

टोळीचा मुकादम आबासाहेब. त्याचा नंबर ज्ञानूकडं होता. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"कोन? बेलीफबाई? अवो मिटलंय की ते. पावती झालीय."

"पोरगी कुठंय आबासाहेब?"

"हाय की हितंच बापाजवळ. खातीय, खेळतीय."

"पोरगी आईला मिळाली म्हणून पावती, आणि पोरगी तुमच्या टोळीत? जरा तरी लाज वाटू द्या!"

"त्ये तुमी त्यांच्यात बघा. माजा काय संबंध? मी टोळी चालवतो, माज्याकडं समद्यांची कागदं हायत. ही बघा तुमच्या ज्ञानेश्वरीचीबी." आणि स्वतःचा रुबाब दाखवायला त्यानं व्हॉट्सॲपवर तिच्या आधारचा फोटो पाठवला.

ते जुनं आधार होतं. नवऱ्याच्या नावाचं, सासरच्या पत्त्याचं. पावतीला लावलेलं वेगळं. म्हणजे मुकादम आणि अजिनाथ यांच्या हाती नवीन आधार गेलंच नव्हतं. पावतीचा फायदा त्यांना, पण ते आधार त्यांचं नाही.

फोन ठेवल्यावर ज्ञानू माझ्याकडं बघत राहिली. तिच्या मनात काय आलं ते तिच्या तोंडावर दिसलं. मीच म्हटलं, "उद्या सकाळी तुमच्या वस्तीवर येते. घरी सांगू नको."

५

बजरंग, ज्ञानूचा भाऊ, गोठ्यात धार काढत होता. मला बघून उठला, हात धुतले, पाया पडायला वाकला. मोठा अदबीचा माणूस. तिची भावजय शालन ओट्यावर मशिन मांडून ब्लाउज शिवत होती. गावातली निम्मी ब्लाउजं तीच शिवते. तिनं मला पाणी आणून दिलं आणि परत मशिनवर बसली, पण मशिन चालवेना.

"त्या पावतीचं ऐकलंस का रे?" मी बजरंगला विचारलं.

"ऐकलं की. लई वाईट झालं. त्या अजिनाथचीच लबाडी, दुसरं कोन?"

"तीन फेब्रुवारीला तू कुठं होतास?"

"मी?" तो हसला. "पारनेरला. शालनच्या माहेरी, मेव्हन्याच्या सुपारीला. दोघंबी गेल्तो. दोन दिस राह्यलो. का वो?"

"सहज. ज्ञानूचं आता काय करायचं ठरवलंयस?"

इथं तो खुलला. पारनेरकडचं एक स्थळ आलं होतं. बिजवर, पण घर खाऊन पिऊन. "त्यांची एकच अट हाय. पुरगी नको. बाई चालंल. आन मावशी, खरं सांगतो, पोरीचा बाप जित्ता हाय, त्यानं संबाळावं. हिनं किती दिस माज्या दारात बसायचं? उद्या लेकीचं लग्न हितनं, परवा जमिनीत हिस्सा."

"हक्कसोड लिहून घेतलंयस ना तिच्याकडनं? लग्नाआधीच?"

"घेतलं की. रीतच हाय. बहिनी भावाला सोडत्यातच. हिनं तवाच अंगठा दिला. पन आता कायदा बदलत असतो वो, आन कोर्टाची वाट हिला घावलीय." मग तो पुढं म्हणाला, "तशी ती भोळी हाय. सहीबी येत न्हाई तिला. कोनबी अंगठा घेतंय."

ज्ञानू दारात उभी होती. तिनं ते ऐकलं.

मी उठले. ओट्यावर शालनशेजारी जाऊन बसले. मशिन सोडून ती हातानं हूक लावत होती, पुढं बटणांचा डबा होता. बटणं, हूक, दोऱ्याची रिळं. कागदी पुठ्ठ्याचा मिठाईचा डबा, झाकणावर गोल गोल जिलबीसारखी अक्षरं. मी कानडी वाचत नाही, पण गेले दोन दिवस तसलीच अक्षरं बघत होते, पावतीवर.

"हा कुंद्याचा डबा ना गं?" मी विचारलं. "बेळगावचा?"

शालनच्या हातातली सुई थांबली.

"पारनेरला कुठल्या दुकानात मिळतो कुंदा?"

६

"बजरंग, इकडं ये. बस." मी पर्समधून शाईचं पॅड काढलं. "पावती देणाऱ्याकडं ज्ञानूचं नवीन आधार होतं. ते एक वकिलाकडं, एक ह्या घरात. तिला सही येते हे वकिलाच्या कारकुनाला माहीत आहे, मला माहीत आहे, कोर्टाला माहीत आहे. फक्त तुला माहीत नाही. कारण दोन वर्षांत एका तारखेला तू तिच्याबरोबर आला नाहीस. तारखेचं पत्र इथल्या पत्त्यावर आलं, ते तू दाबलंस. आणि अंगठा उसातल्या बाईचा नाही. रेशनच्या मशिनला ह्या घरातल्या कोणाचा लागतो?"

"मावशी, तोंड सांबाळून बोला!" अदब गेली. "घरात येऊन..."

"शालन, ह्यावर अंगठा दे. नसेल तुझा तर मी पाया पडून जाईन."

शालननं पॅडकडं बघितलं आणि अंगठा मुठीत लपवला. मग एकदम रडायला लागली.

"वन्सं, हे मला म्हनले पोरीला सोडवायचा कागद हाय. वन्संला कामावरनं सुट्टी न्हाई, तू त्यांच्या जागी अंगठा दे, पोरगी घरी येईल. मला ती भाषा वाचता येती का? मी देवाचं नाव घेऊन अंगठा दिला. अजिनाथ तिथंच हुता, ह्यांना मिठाई घेऊन दिली. येताना मी म्हनलं, आवो पोरगी कुठंय? तर म्हनले, गप बस, न्हाईतर खोट्या अंगठ्यापायी तूच जेलात जाशील. तीन आठवडे घास उतरला न्हाई मला."

"तुज्या भल्यासाठीच केलं ज्ञाने!" बजरंग ओरडला. "चांगलं घर मिळत हुतं तुला. पोरीपायी कोन करनार हाय तुला?"

ज्ञानू ओट्यावरून खाली उतरली. मला वाटलं मारते आता. तिनं मारलं नाही.

"माजं लगीन लावताना मला इचारलं न्हाईस," ती म्हणाली. "जमिनीवर अंगठा घेताना इचारलं न्हाईस. आता माजी पोरगीबी न इचारता देऊन टाकलीस, आन वर मिठाई खाल्लीस. मेला आजपासनं माजा भाऊ. ह्या घरचं पानीबी नको मला."

तो तिच्या अंगावर धावून आला, पण मधे शालन उभी राहिली. दहा वर्षांत ती नवऱ्यापुढं उभी राहिली नसेल.

"मी येते कोर्टात," ती मला म्हणाली. "कितीला निघायचं ते सांगा."

७

तिकडच्या कोर्टात निम्मे लोक मराठी बोलत होते. भागवतनं दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. शालननं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, "हा अंगठा माजा हाय सायेब. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पन पोरगी तिच्या आईला द्या." साहेबांनी तिचा अंगठा समोर घेतला, पावतीवरच्याशी ताडून बघितला, पावती रद्द केली आणि बजरंग, अजिनाथ दोघांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. तिकडचा वकील खाली मान घालून बसला होता. मी त्याला बाहेर गाठलं आणि काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच दुपारी बेलीफ आणि दोन पोलीस घेऊन आम्ही फडात गेलो. पट्टा त्याच दिवशी पडत होता. शेवटच्या ट्रॉलीला झेंडे बांधले होते, गुलाल उधळला होता, आबासाहेब नारळ फोडत होता. आम्हाला बघून त्याचा नारळ हातातच राहिला. अजिनाथ ओरडत आला, "पावती हाय माज्याकडं!" पोलिसांनी त्याला बाजूला घेतलं.

दिशा बांधाला बसून जनावरांच्या चाऱ्यासाठी उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. खातीय, खेळतीय म्हणे! आईला बघून ती उठली नाही. आधी बापाकडं बघितलं, मग हातातली पेंढी घाईघाईनं आवळून बांधली, ओळीत ठेवली, आणि मग उठली. आठ वर्षांचं लेकरू. माझ्या तोंडून त्या अजिनाथच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला आणि तिथल्या बेलिफानं मला थांबवलं नाही.

ताबा दिल्याचा कागद त्यानं तिथंच ट्रॉलीवर लिहिला आणि सवयीनं शाईचं पॅड ज्ञानूपुढं सरकवलं. तिनं ते बाजूला केलं. "पेन द्या." सगळं नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. एका हातानं पोरीला धरलेलं होतं, ती सोडायला तयार नव्हती.

आता मायलेकी माझ्याच घरी राहतात, पुढच्या खोलीत. एप्रिलमध्ये त्यांचं वेगळं रेशन कार्ड करायला गेलो. प्रत्येकाचा अंगठा मशिनला द्यावा लागतो. ज्ञानूचा लागणार नाही हे ठाऊक होतं, तिचे डोळे स्कॅन केले. मग दिशानं मशिनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. तिसऱ्यांदाही लाल.

दुकानदारानं तिचा हात उलटा करून बघितला. "हिला कामाला लावू नका. दोन-तीन महिन्यांत रेषा येत्यात माघारी," तो म्हणाला. कागदावर पोरगी आईला मिळाली होती. फडातल्या त्या तीन महिन्यांत तिच्या हाताचं काय झालं ते कुठल्याच कागदावर आलं नव्हतं. घरी जाईपर्यंत ज्ञानूनं पोरीचा अंगठा आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, परत गेलो. पहिल्यांदा नाही लागला. दुसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. ज्ञानू तिथंच रांगेत मोठ्यानं रडायला लागली, आणि मी रांगेतल्या लोकांवर ओरडले, काय बघताय म्हणून.